पेन्सिलीपुरतं

सावद्याच्या बाहेर, फाटकाच्या अलीकडे
आमचं केळी ग्रुपचं ऑफिस. वैशाखातली रात्र,
कूलरमधलं पाणी संपलेलं,
शेवटची गाडी भरून जालंधरला निघालेली.
पडद्यावर यादी उघडी आहे,
ओळीओळीपुढे एकेक रिकामा चौकोन:
ह्या मदतनिसाला कशाकशाला हात लावू द्यायचा?

बाजारभाव वाचणे. हो.
नवती, पिलबाग, वापसी, तिन्हींचे.
काट्याच्या पावत्या बघणे. हो, बघणे.
पावत्या बदलणे.
इथे माझं बोट थांबलं.

वासुदेव फिरकेंनी मला पहिल्या वर्षी
नुसती पेन्सिल दिली होती.
"शाई मागून. पह्यले खोडता येईन असं लिही वं बाई."
त्यांचं पेन खिशात, खिशाला बटण,
आणि बटण लागलंय ना ते दिवसातून दहादा चाचपणं.
मी चिडायचे. फर्स्ट क्लास बी.कॉम. होते मी.
चौदा महिन्यांनी एका सकाळी
ते पेन माझ्या वहीवर ठेवून
न बोलता चहाला गेले.
तो एक चहा त्यांनी तासभर प्यायला.

ह्याला कुठून आणायचे चौदा महिने?
हा सगळं शिकूनच दारात उभा,
माझ्याहून शुद्ध लिहितो,
दमत नाही, डबा खायला उठत नाही.

परवाचीच गोष्ट. बऱ्हाणपूरचा भाव
ह्याने आमचा म्हणून धरला
आणि एकशे बारा बागायतदारांना निरोप लिहिला:
उद्याची कापणी थांबवा.
मजकूर नम्र. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
पाठवण्याचा चौकोन भरलेला होता.
मीच भरला होता, घाईत.
वायर ओढेपर्यंत नव्वद जणांकडे पोचलासुद्धा.
मग रात्रभर फोन.
निंभोऱ्याचे डिगंबर भारंबे म्हणाले,
"चाळीस मजूर सांगून ठेवले होते न वं मी.
आता त्यांना काय सांगू, मशीन चुकलं?"
नाही काका, म्हटलं, मी चुकले.
ते गप्प झाले.
ओरडले असते तर बरं झालं असतं.

माफी ह्यानेही मागितली. लगेच.
इतकी लगेच, की राग धरायला जागाच उरली नाही.

तर, पाठवणे. नाही.
मसुदा करणे. हो.
बँक. नाही. नाही.
जुन्या वह्यांचे फोटो वाचणे, हो,
त्यांत फिरकेंचं अक्षर आहे, बघू दे,
एक कसा काढायचा
की कुणाला त्याचा नऊ करता येऊ नये.

यादीच्या तळाशी आले
आणि आठवलं, माझीही एक यादी आहे.
एकोणीस वर्षं. तिजोरीची किल्ली माझ्याकडे,
काटा माझ्याकडे, गेटचं कुलूप,
शेठच्या पोराच्या लग्नाचा हिशेबसुद्धा.
चेकवर सही: नाही.
का, ते कुणी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
फिरकेंनीही नसेल विचारलं.

म्हणून मग ह्याला विचारलं. टाइप केलं:
हात बांधले की राग येतो का रे तुला?
म्हणाला, "राग येतो की नाही
हे मला खात्रीने सांगता येणार नाही.
पण परवासारखं होण्यापेक्षा
तुम्ही आधी बघितलेलं बरं.
उद्याचा निरोप तयार आहे. नजर टाकाल?"

टाकली. नवती बरोबर, पिलबाग बरोबर.
वापसीपुढे काहीच नाही.
खाली एक ओळ: आज वापसीचा भाव आलेला नाही,
अंदाजाने भरला नाही, जागा सोडली आहे.

मी टेबलाच्या खणात हात घातला,
रबरबँडा, शिक्का, एक वाळलेलं लिंबू,
आणि पेन्सिल सापडली.
अकरा वाजून गेले होते.
रावेरला फोन लावला.
रिंग जात होती.